ट्रायलच्या दिवशी बॅटरी उतरली

सोमवारी सकाळी सव्वाआठला राजेश्वरीने गाडीची किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं ‘कट कट कट’ आलं. तिने परत फिरवली, परत कट कट कट. तिसऱ्या वेळेला तेवढंही नाही. समोरचे बारीक दिवे एकदा मिणमिणले आणि गेले.

“अगं बाई!” ती म्हणाली.

आता गाडी काय, कुणाचीही आणि कधीही बंद पडते. पण हिने दिवस कोणता निवडावा, तर ट्रायलचा! साडेदहाला आरटीओत ट्रायल, आणि लर्निंग लायसनची सहा महिन्यांची मुदत उद्या खलास. मुदत गेली तर दुसरं लर्निंग काढता येतं हे कुणीही सांगेल. पण गाडी तोवर थांबणार नव्हती. राजेश्वरीच्या नवऱ्याने, मल्लिनाथने, आपल्या चुलतभावाला शब्द देऊन टाकला होता.

झालं होतं असं. मल्लिनाथने चिंचोळी एमआयडीसीत फिटर म्हणून तीस वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ही पांढरी गाडी जिवापाड सांभाळली. मग साखरेने डोळे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही. गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि मल्लिनाथ बाहेर खुर्चीत बसला. तेव्हा एकोणपन्नास वर्षांची त्याची बायको म्हणाली, “मी शिकते की.” घरात सगळे हसले. तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन लर्निंगचा फॉर्म भरून आली.

मल्लिनाथ म्हणाला होता, “हे बग राजी, लर्निंगच्या मुदतीत लायसन आणलंस, तर गाडी आपल्या दारात. न्हाई तर गुरु घिऊन जाईल. उबी ठिवून तिला सडवायची न्हाई मला.”

गुरु म्हणजे तो चुलतभाऊ, राहणार कुंभारी. त्याचा या गाडीवर चार वर्षांपासून डोळा होता. गंमत अशी, की लर्निंगवाल्याच्या शेजारी लायसनवाला माणूस बसावा लागतो, आणि यांच्या नात्यात असा माणूस गुरुशिवाय दुसरा नव्हता. दर रविवारी तो यायचा, डावीकडे बसायचा आणि सांगायचा, “वैनी, गियर हळू की! गाडी उद्या मलाच वापरायची हाय.” राजेश्वरी दात आवळून गाडी चालवायची. तरी तिला ती चालवायला आवडायची, फार आवडायची. स्टेअरिंग हातात आलं की आपण कुणाची बायको आणि कुणाची सून आहोत, हे तिला तासभर आठवायचंही नाही. पुढे रस्ता आणि रस्त्यावर आपण, बस्स.

आणि आज ही गाडी मुकी!

गुरु फाटकातून आत आला तो पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून. जणू नवी गाडी आणायला निघालेला. त्याने एकदा सेल्फ मारून बघितला आणि हात झटकले.

“बॅटरी उतरली, वैनी. देवाच्याच मनात न्हाई म्हणायचं. ऱ्हाऊ द्या आता. मी दुपारी मेस्त्री घिऊन येतो आन् गाडी तशीच वडून कुंभारीला नेतो.”

“देवाच्या मनातलं तुमाला बरं कळतंय, भावजी!” राजेश्वरी भडकली. “बॉनेट उघडा आधी.”

मल्लिनाथ भिंतीला हात लावत शेडमध्ये आला. समोरच्या माणसाचा आकार त्याला दिसायचा, चेहरा नाही. पण गाडीच्या बाबतीत त्याला डोळे लागतच नव्हते.

“गुरु, तू बाजूला हो. राजी, तू वाक. टर्मिनलवर पांढरी बुरशी हाय का?”

“हाय थोडी.”

“गरम पाणी वत. मग बोटानं चाचपून सांग, वायर ढिली हाय का?”

तिने पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, मग बोट फिरवलं. जाड वायर घट्ट होती. पण तिच्याच खाली एक बारीक लाल वायर बोटाला लागली. ही कसली? वायरीचं एक टोक टर्मिनलला पीळ घालून बांधलेलं, दुसरं रबराच्या भोकातून आत गेलेलं. राजेश्वरी वायरीचा माग काढत गाडीत शिरली. वायर डॅशबोर्डच्या खालून वर आली होती आणि काचेजवळ ठेवलेल्या सिद्धेश्वराच्या फोटोमागे गेली होती. फोटोपुढे एक विजेची समई होती, फोटोभोवती रंगीत दिव्यांची माळ होती, आणि मागे मंत्र म्हणणारी डबी. तिन्ही गप्प, विझलेली. मघाशी किल्लीच्या घाईत तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आणि यातलं काहीही गुरुवारपर्यंत गाडीत नव्हतं!

“हे कुणी केलं?” ती ओरडली.

तुळशीपाशी उभी असलेली काशम्मा, तिची सासू, एकदम पदर सावरायला लागली. शहात्तर वर्षांची बाई, पण चोरी पकडल्यावर चेहरा झाला सहा वर्षांच्या पोरीचा.

“मीच गं,” काशम्मा म्हणाली. “महादेवप्पाकडून करून घेतलं. देवळाच्या मांडवाची लायटिंग करतोय की तो, त्येच्याकडून. बेस्तरवारी सांजच्याला.”

“पण किल्ली बंद केल्यावर हे बंद नको व्हायला?”

“बंद कसं करायचं? नंदादीप हाय त्यो! महादेवप्पा बी म्हनला, किल्लीवर जोडतो. मी म्हटलं, बेड. नको. दीपा आरबारदू. मदीच दिवा विजला तर अपशकुन न्हाई का?”

गुरु पोट धरून हसायला लागला. म्हणजे बघा, गुरुवारच्या संध्याकाळपासून गाडीवर कव्हर घातलेलं, रविवारी गुरुला लग्नाला जायचं असल्यामुळे सरावही झाला नाही, आणि कव्हरच्या आत हा सगळा सोहळा चार रात्री अखंड चाललेला! मंत्र ऐकू आलाच, तर तो देवळातला म्हणून कुणी कान दिला नव्हता. बॅटरी आधीच पाच वर्षांची म्हातारी. तिने कुठवर नाम घ्यायचं?

राजेश्वरीच्या डोक्यात सणक गेली. लग्न झाल्यापासून या बाईने तिच्या प्रत्येक गोष्टीत काडी घातली होती, असं तिचं ठाम मत होतं. “तुमाला मी गाडी चालवलेली नकोच हाय ना, अत्ती? मग सरळ सांगायचं होतं!”

काशम्माने फोटोकडे हात जोडले. मग हळूच म्हणाली, “नको असतं तर दिवा कशाला लावला असता? तू पास व्हईपर्यंत विजू देनार न्हाई, असं बोलले होते देवाला. त्या गुऱ्याला गाडी द्यायची माजी इच्छा न्हाई.”

गुरुचं हसणं तिथेच थांबलं. एवढ्या वर्षांत ही बाई आपल्या बाजूने आहे असं राजेश्वरीला कधी वाटलंच नव्हतं. आणि बाजू घेतली ती ही अशी, गाडी ठार बंद पाडून! हसावं का रडावं, तिला कळेना. ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

“रडायला टाइम न्हाई,” मल्लिनाथ म्हणाला. “किती वाजले?”

“पावणेनऊ.”

“इस्माईलभाई निगायचे हायेत अजून. पळ.”

राजेश्वरी पळाली. साडीच्या निऱ्या एका हातात धरून, चप्पल न घालता पळाली. तीन घरं सोडून इस्माईलचाचा आपल्या पिकअपमध्ये चादरींचे गठ्ठे बांधून निघण्याच्या बेतात होते. तिने धापा टाकत सगळं सांगितलं.

“हौ भाभी, रोनेका नक्को,” चाचा म्हणाले. “मेरे पास केबल है. वेल्डिंगवाली है, जाड. चलो.”

पिकअप दारात आली. चाचांनी केबल काढली, पसरली, आणि ती हातभर कमी पडली. गाडी शेडमध्ये तोंड आत घालून उभी, म्हणजे बॅटरी पार भिंतीकडे, आणि शेडची जमीन आतल्या बाजूला उतरती. गाडी मागे घ्यायची म्हणजे चढावर ढकलायची. धक्का मारून चालू करण्याचा प्रश्नच नव्हता, दोन हात सरकली तरी पुष्कळ.

“लावा जोर!” राजेश्वरी म्हणाली. ती, मल्लिनाथ, चाचा आणि गुरु चौघं बॉनेटला भिडले. गुरुचा जोर कितपत मनापासून होता कुणास ठाऊक, पण काशम्मा त्याच्याकडेच डोळे वटारून बघत असल्यामुळे त्याला ढकलावं लागलं. वीतभर गाडी सरकली की काशम्मा चपळाईने पुढच्या चाकाला दगड लावायची आणि ओरडायची, “हां! अजून!” चार वेळा दगड सरकला. पाचव्या वेळेला चाचा म्हणाले, “बस. पुरती अब.”

“ही काळी लावतो आधी,” म्हणत गुरुने केबल उचलली. मल्लिनाथने हात आडवा केला. “थांब! आधी लाल. राजी, तू लाव. लाल चिमटा अधिकला, आपल्या बॅटरीला. आता दुसरं टोक त्यांच्या अधिकला. झालं? आता काळा त्यांच्या उण्याला. आन् शेवटचा आपल्या बॅटरीला लावू नको, इंजिनाच्या लोखंडाला लाव. ठिणगी उडंल, भिऊ नको.”

ठिणगी उडाली. ती भ्याली, पण चिमटा सोडला नाही. आणि चिमटा बसला त्याच क्षणी गाडीच्या आत समई लागली! माळ लाल हिरवी निळी व्हायला लागली, आणि डबीतून खणखणीत ‘ॐ नमः शिवाय’ सुरू झालं. काशम्माने टाळी वाजवून दोन्ही हात वर केले. चाचा हसत सुटले.

“पाच मिनिटं त्यांची गाडी चालू ऱ्हाऊ दे,” मल्लिनाथ म्हणाला. ती पाच मिनिटं कसली, एकादशीचा दिवस होता तो. मग राजेश्वरी आत बसली, क्लच दाबला, किल्ली फिरवली.

घर्रर्रर्र. गाडी थरथरली आणि लागली!

“लागली! लागली वो!” ती आतूनच ओरडली. मल्लिनाथने बॉनेटवर हात ठेवला, इंजिनाचा ताल ऐकला आणि मान हलवली. मग त्याने चिमटे उलट्या क्रमाने काढायला लावले, लाल वायरही सोडवायला लावली. काशम्माने तोंड उघडलं, पण त्याने तिला बोलू दिलं नाही. “अव्वा, इंजिन चालू हाय तवर तूच हात जोडून बस. तुजा दिवा तूच.” काशम्मा खरंच घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

“आता ऐक,” मल्लिनाथ खिडकीशी वाकून म्हणाला. “कुटंबी बंद करायची न्हाई. एसी लावायचा न्हाई. बॅटरीत दम न्हाई, पुन्ना लागंल का सांगता येत न्हाई. जा.”

नऊ वीसला गाडी निघाली. अक्कलकोट रोडला ट्रॅक्टर आडवा, पुढे शाळेच्या रिक्षा, सिग्नलला मागचा डंपर भोंगा वाजवून जीव खातोय. राजेश्वरीने एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. हात घामाने ओले, पण पाय क्लचवर मोजून मापून. डावीकडे बसलेल्या गुरुने आज एकदाही ‘गियर हळू’ म्हटलं नाही. सांगण्यासारखं तिने काही ठेवलंच नव्हतं.

आरटीओच्या मैदानावर रांग. चौदा गाड्या पुढे, आणि ऊन म्हणजे सोलापूरचं ऊन. राजेश्वरी कागद दाखवायला खिडकीशी गेली, दहा मिनिटांत परत आली, आणि दार उघडताच गार वारा तोंडावर आला. गुरुने एसी फुल्ल लावला होता!

“भावजी!”

“लई उकडत होतं की, वैनी.” त्याने घाईघाईने बटण बंद केलं. मुद्दाम लावला की सवयीने, देव जाणे. राजेश्वरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

तिचा नंबर आला. टोपी घातलेले साहेब कंटाळून गेले होते. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, “इंजिन बंद करा. पहिल्यापासून चालू करून दाखवा. मग आठ काढायचा, मग रिव्हर्स.”

“साहेब, बंद नको की! चालू हायच की.”

“नियम आहे, बाई.”

तिने डोळे मिटून किल्ली उलटी फिरवली. इंजिन शांत झालं. पाचपर्यंत मोजून तिने सेल्फ मारला.

कट कट कट.

मागच्या गाडीतला कुणीतरी हसला. साहेबांनी घड्याळ बघितलं. “पाच मिनिटं देतो. नाही तर पुढचा नंबर घेतो, तुम्ही नापास.”

राजेश्वरीने डावीकडे बघितलं. गुरु मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याला काहीही करायचं नव्हतं. नुसतं पाच मिनिटं बसून राहायचं, की संध्याकाळी गाडी त्याच्या दारात. त्यालाही ते कळत होतं, तिलाही. आणि मग आला राग, असा राग की तिचं तिलाच नवल वाटलं.

“भावजी, उतरा. धक्का मारा.”

“मी?”

“मग काय साहेब मारतील? एसी कुणी लावला? उतरा! गाडी तुमाला पायजे ना, मंग निदान हात तरी लावा तिला!”

आजूबाजूचे लोक आता उघड हसायला लागले. गुरुचा चेहरा पडला. मग काय झालं त्याच्या मनात, कुणास ठाऊक. त्याने खाडकन दार उघडलं, बाह्या सरसावल्या, आणि गाडीच्या मागे जाऊन मैदानभर ऐकू जाईल असा ओरडला, “अरे बघता काय! या की दोघं-तिघं! माज्या वैनीची ट्रायल हाय!”

दोघं नाही, पाच जण आले.

धक्क्यावर गाडी कशी लागते हे नवऱ्याशेजारी बसून तिने किती वेळा पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. किल्ली चालू. क्लच दाबलेला. गियर दुसरा. गाडी हलली, वेग आला, आणखी आला. तिने क्लच सोडला. गाडीने गचका दिला, खोकली आणि थांबली.

“पुन्ना!” गुरु ओरडला. “वैनी, घाई करू नका! मी सांगतो तवा सोडा!”

“तुमी ढकला! कवा सोडायचं ते मला कळतंय!” ती आतून ओरडली.

दुसऱ्यांदा ढकलली. मागे चपलांचा फटफटाट, धूळ, शिव्या, हसणं. तिने वाट बघितली, चाकांचा आवाज बदलेपर्यंत वाट बघितली, आणि मग क्लच सोडला. गचका. खोकला. आणि घर्रर्रर्र! गाडी लागली, आणि लागली ती सुटलीच! मागे सगळ्यांनी आरडाओरडा केला. आता थांबायचं नाव नाही. समोर चुन्याने आखलेला आठ. ती सरळ त्याच्यात शिरली.

पहिलं वळण अर्धं झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गाडीत आपल्याशिवाय कुणीच नाही. शेजारची जागा रिकामी. जन्मात पहिल्यांदा ती एकटी गाडी चालवत होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. आणि ती ओरडलीसुद्धा, शब्द नाही काही, नुसतं “हूऽऽ!” आठ पुरा झाला, चाक चुन्याला शिवलं नाही. रिव्हर्सही झाला. इंजिन गुरगुरत ठेवूनच ती साहेबांपाशी येऊन उभी राहिली.

साहेबांचा कंटाळा कुठल्या कुठे गेला होता. “बाई, धक्क्यावर गाडी घेऊन कुणी ट्रायल दिलेली मी पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले. “पास. लायसन पोस्टाने येईल. बॅटरी बदला.”

गुरु धुळीने माखलेला, पांढऱ्या शर्टाची पार वाट लागलेली, धापा टाकत येऊन बसला. नाक्यापर्यंत तो शर्टावरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, “वैनी, एसी खरंच चुकून लावला.”

“असंल,” ती म्हणाली. “धक्का तर चुकून मारला न्हाईत ना? तेवढं पुरे.” मग तिला हसूच आवरेना, आणि तोही हसायला लागला.

गल्लीच्या कोपऱ्यावरूनच मल्लिनाथला आवाज कळला असणार. फाटक उघडं होतं, काशम्मा अजून उंबऱ्यावर हात जोडून बसलेली, आणि तो रस्त्यावर येऊन उभा.

“काय झालं?”

“पास!” राजेश्वरी आणि गुरु एकदमच ओरडले. काशम्मा उठली आणि कडाकडा बोटं मोडून तिने सुनेची दृष्ट काढली. गुरु उतरून मागच्या सीटवर गेला.

सवयीने मल्लिनाथ उजव्या दाराकडे वळला, अकरा वर्षांची सवय. दाराच्या मुठीवर हात ठेवला, मग थांबला. खिडकीत बायकोचा आकार दिसत होता. त्याने हात काढला, बॉनेट चाचपत समोरून वळसा घातला, डावं दार उघडलं आणि आत बसला. राजेश्वरीने गियरवर हात ठेवला.

“बेल्ट लावा,” ती म्हणाली.

त्याने बेल्ट लावला. “बंद करू नको,” तो म्हणाला. “तशीच घे. बॅटरीच्या दुकानात जाऊ या.”